अडेलतट्टू कोण?

हट्टी माणसाला मराठीत अडेलतट्टू म्हणतात. तट्टू म्हणजे लहान चणीचं घोडं. ते वाटेत थांबलं, टाच मारली, चाबूक दाखवला तरी पाऊल उचलेना, की ते अडेल ठरतं. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या या शब्दाने सगळा दोष तट्टाच्या पदरात टाकला आहे. ते का अडलं, पाठीवर कोण होतं, खोगीर कुठे रुतत होतं, याची चौकशी कोणी केलेली नाही. अडथळ्यांवरून घोडा उडवण्याचा जो खेळ जगभर खेळला जातो, तो मुळात या चौकशीचाच खेळ आहे. आणि घोडदळाच्या टापांवर वसलेल्या छत्रपती संभाजीनगरात तो रुजायला हवा, तोही याच कारणासाठी.

६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये जे घडलं, ते आठवून पाहावं. मॉडर्न पेंटॅथलॉन या प्रकारात एकाच खेळाडूला तलवारबाजी, पोहणं, घोड्यावरून अडथळे पार करणं, धावणं आणि नेमबाजी असं सगळं करावं लागे. घोडा मात्र स्वतःचा नसे. तो चिठ्ठी टाकून मिळे आणि त्याच्याशी ओळख करून घ्यायला २० मिनिटं मिळत. जर्मनीची आनिका श्लॉय तेव्हा आघाडीवर होती. तिच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला. तो आधीच्या स्पर्धकाच्या वेळीही अडला होता, आता तर पुढे जायलाच तयार नव्हता. श्लॉय घोड्यावर बसूनच रडू लागली. चाबूक चालवू लागली. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षिकेने तिला घोड्याला मारायला सांगितलं आणि स्वतःही घोड्याला ठोसा लगावला. हे सगळं जगाने थेट पाहिलं. पदक हुकलं, प्रशिक्षिकेला स्पर्धेतून काढलं गेलं आणि पॅरिस २०२४ नंतर पेंटॅथलॉनमधून घोडेस्वारीच वगळण्याचा निर्णय झाला.

त्या दिवशी अडेल कोण होतं? घोडा घाबरला होता, त्याच्या पाठीवरची स्वारही घाबरली होती. वीस मिनिटांच्या ओळखीवर दोन जिवांनी एकमेकांवर भरवसा ठेवावा, असं सांगणारा नियमच अडेल होता.

अडथळ्यांच्या घोडेस्वारीच्या दोन शाखा आहेत. पहिली जंपर. रिंगणात आठ-दहा-बारा अडथळे ठरलेल्या क्रमाने पार करायचे. दांडा पडला की ४ दंडगुण. घोडा पहिल्यांदा अडला तरी ४, दुसऱ्यांदा अडला तर बाद. स्वार पडला तरी बाद. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर त्याचा दंड वेगळा. ज्यांचे दंडगुण सारखे, त्यांच्यात वेगवान तो जिंकतो. घोडा कसा धावला, कसा उडाला, याला गुण नाहीत. दांडा टिकला की पडला, एवढाच हिशेब. ऑलिंपिकमध्ये दिसतं ते हे, आणि तिथे अडथळ्यांची उंची १.६० मीटरच्या आसपास पोचते.

दुसरी शाखा हंटर. इंग्लंड-आयर्लंडच्या शेतांतून शिकारी कुत्र्यांच्या मागे कुंपणं, झुडपं, चर ओलांडत दिवसभर घोडा न्यायचा, तर तो घोडा शांत, समतोल आणि सुरक्षित उडणारा हवा. त्या गरजेतून ही परीक्षा निघाली आणि मुख्यतः अमेरिका-कॅनडात वाढली. इथे अडथळे कुरणातल्या कुंपणासारखे साधे. परीक्षक १०० पैकी गुण देतात ते घोड्याच्या चालीला: पहिल्या अडथळ्यापासून शेवटच्यापर्यंत लय एकच राहिली का, उडताना पाठ कमानीसारखी वर आली का, पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात सारखे दुमडले का, स्वाराला लगाम ओढावा लागला का. लगामाची झटापट दिसली की गुण गेले. हंटर प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही आणि भारतात फारसा पोचलेलाही नाही. आपल्याकडे आलं ते शो जंपिंग, म्हणजे फक्त पहिली शाखा. नवशिक्या मुलांच्या बाबतीत ही मोठी उणीव आहे. कारण फक्त दांडा मोजायला शिकलेलं मूल घोडं दामटायला शिकतं. चाल पाहायला शिकलेलं मूल घोडा वाचायला शिकतं.

घोडा अडण्याची कारणं बहुतेक वेळा साधी आणि शोधली तर सापडणारी असतात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. जवळजवळ सगळा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो, पण कपाळासमोरचा अगदी जवळचा पट्टा दिसत नाही. उडीच्या शेवटच्या क्षणी दांडा नेमका त्या पट्ट्यात येतो. म्हणजे अंदाज त्याने काही पावलं आधीच घेतलेला असतो. त्याच वेळी स्वाराने घाबरून लगाम खेचला आणि मान वर केली, तर घोड्याचा अंदाज चुकतो; त्याला आंधळी उडी घ्यावी लागते किंवा थांबावं लागतं. शहाणा घोडा थांबतो. रंगांचंही तसंच. घोड्याला निळा-पिवळा ओळखू येतो, लाल-हिरव्यात त्याचा गोंधळ होतो. ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींत वर्षानुवर्षं नारिंगी खुणा लावत. माणसाला त्या ठळक दिसत, घोड्याला हिरवळीत विरून गेल्यासारख्या. एक्झेटर विद्यापीठातल्या अभ्यासातून हे दिसल्यावर तिथे पांढऱ्या खुणा आल्या. त्याआधी कित्येक घोड्यांना अकारण आळशी नाहीतर बेपर्वा म्हटलं गेलं असेल.

आणखी कारणं शरीरात असतात. तंग आवळताना चिमटा बसलेला असतो. खोगिराचा कणा पाठीच्या कण्यावर टेकतो. दाताला धार आलेली असते आणि लोखंडी कडियाळं तिथेच घासतं. नाल ढिला असतो. कालच्या कडक जमिनीवरच्या उड्यांनी पुढचे पाय ठणकत असतात, कारण उतरताना सगळा भार आधी पुढच्या एका पायावर येतो. घोडा यातलं काहीच बोलून दाखवू शकत नाही. तो कान मागे टाकतो, शेपूट झटकतो, जबडा आवळतो, आणि एवढं करूनही कोणी ऐकलं नाही, तर अडतो. अडणं हे त्याचं शेवटचं वाक्य असतं.

बाकी राहतं ते अंतर. हा या खेळातला सगळ्यांत सुंदर भाग आहे आणि गणिताच्या शिक्षकांनी तो आवर्जून पाहावा. स्पर्धेआधी स्वार घोडा बाहेर ठेवून रिंगणात पायी फिरतात. दोन अडथळ्यांमधलं अंतर ते पावलांनी मोजतात. घोड्याची कँटरमधली, म्हणजे मध्यम दौडीतली, एक झेप साधारण ३.६ मीटरची, म्हणजे माणसाच्या ताणून टाकलेल्या चार पावलांएवढी. उडीनंतर उतरायला दोन पावलं, पुढची उडी घ्यायला दोन पावलं सोडायची. उरलेल्याला चाराने भागायचं. चोवीस पावलं भरली तर चार वजा, उरली वीस, म्हणजे पाच झेपा. घोड्यावर बसल्यावर तेच तोंडाने मोजायचं: एक, दोन, तीन, चार, पाच, उडी. सहाव्या झेपेला जागा नसते आणि चारांत अंतर पुरत नाही. मोजणी चुकली की घोडा एकतर अडथळ्याच्या फार जवळ पोचतो किंवा फार लांबून झेपावतो. दोन्ही वेळा दांडा पडतो, आणि दोन्ही वेळा चूक पाठीवरच्याची असते.

हे जवळून पाहायचं, तर नवशिक्या मुलाची सकाळ पाहावी. रिंगणात उडी नसतेच. वाळूवर चार लाकडी दांडे आडवे टाकलेले असतात, एकमेकांपासून साधारण सव्वा मीटरवर. घोडं दुडकीने त्यांवरून जातं. पहिल्या फेरीत एका दांड्यावर खूर आपटतो, टक्क असा आवाज होतो. मूल दचकून खाली पाहतं आणि त्याच्या खाली पाहण्याने त्याचं वजन पुढे सरकतं, म्हणून पुढच्या दांड्यावर पुन्हा टक्क. शिकवणारे सांगतात, खाली बघू नको, समोरच्या झाडाकडे बघ. तिसऱ्या फेरीला आवाज येत नाही. घोड्याची मान थोडी खाली आणि पुढे जाते, पाठ खोगिराखाली किंचित फुगल्यासारखी वाटते, एक कान समोर आणि एक कान मागे, स्वाराकडे. पाठ सैल झाली की बहुतेकदा घोडं नाकातून फुर्र करतं. मुलाने तेव्हा आपोआप लगाम सैल सोडला, तर त्या दिवसाचा धडा पूर्ण झाला. त्यानंतर कित्येक आठवड्यांनी पहिली उडी येते: दोन दांडे फुलीसारखे लावलेले, मधोमध गुडघ्याएवढे उंच.

लगाम सैल सोडण्याची ही रीत आली ती फेदेरिको काप्रिल्ली या इटालियन घोडदळाच्या अधिकाऱ्याकडून. तो १८६८ मध्ये जन्मला आणि १९०७ मध्ये गेला. त्याच्या आधी स्वार उडीच्या वेळी मागे रेलत आणि लगामाला लटकत. घोड्याच्या तोंडाला हिसका बसे, मागचे पाय दांड्यावर आदळत. काप्रिल्लीने मोकळे सोडलेले घोडे कसे उडतात ते पाहिलं आणि ठरवलं की स्वाराने घोड्याच्या बरोबर पुढे झुकायचं, त्याची मान मोकळी ठेवायची. आज जगातला प्रत्येक उडी मारणारा स्वार तसाच बसतो. शंभर वर्षांपूर्वीची ही क्रांती एका माणसाने घोड्याला आधी नीट पाहिलं, म्हणून झाली.

आता संभाजीनगरकडे येऊ.

१६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी वसवली, तेच हे शहर. मोगलांच्या अवजड फौजांना अंबरने थोपवलं ते हलक्या, चपळ घोडदळाच्या बळावर, आणि त्या घोडदळात मराठा सरदार होते. शहरापासून तीसेक किलोमीटरवरच्या वेरूळची पाटिलकी भोसल्यांची. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले. पुढे शिवछत्रपतींच्या पागेची घडी बसली, तिचं वर्णन सभासदाने बखरीत केलं आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. हा तपशील नीट वाचायला हवा. पंचवीस घोड्यांना पाणी पाजणारा स्वतंत्र माणूस, नाल पाहणारा स्वतंत्र माणूस. घोड्याच्या खुराची आणि तहानेची काळजी ही त्या राज्यात शिस्तीची बाब होती. आज महाराष्ट्रात अश्वारोहणाची नवी संस्था काढायची म्हटलं, तर पहिली अडचण चांगला नालबंद मिळण्याची येते. खूर दर सहा-आठ आठवड्यांनी पाहावे लागतात आणि चुकीचा नाल चांगल्या घोड्याला लंगडा करतो.

संभाजीनगरात तलवार खेळ म्हणून परत आली आहे. विद्यापीठ परिसरातल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तलवारबाजीचं प्रशिक्षण चालतं आणि या शहराने राष्ट्रीय पातळीवरचे तलवारबाज दिले आहेत. घोडा मात्र परत आला नाही. तो दिसतो तो लग्नाच्या वरातीत. डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांच्या धुरात, डांबरी रस्त्यावर तासन्‌तास उभा. त्याच्या मालकाचं पोट त्यावर आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण घोड्याची ओळख म्हणून नव्या पिढीला एवढंच मिळावं, हे या शहराला शोभत नाही.

जत्रांमध्ये घोड्याचा मान अजून आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला, मराठवाड्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत, देशभरातून घोडे येतात. पण तिथे मोल ठरतं ते रंगावरून, उंचीवरून, कानांच्या ठेवणीवरून, अंगावरच्या भोवऱ्यांवरून आणि नाचावरून. नाचवताना घोड्याची मान लगामाने वर खेचलेली असते, पाठ खचलेली असते. उडी मारणाऱ्या घोड्याला जे स्नायू लागतात, त्यांच्या नेमकं उलट हे शिक्षण आहे. मान मोकळी, पाठ वर आणि मागचे पाय पोटाखाली, ही उडीची घडण. नुकरा घोडा देखणा असतो, देवमण भोवरा शुभ मानला जातो, हे सगळं खरं. पण जत्रेत एखाद्याने घोडा वाळूवर सैल लगामाने दुडकीत पळवून पाहिला, चारही खूर उचलून पाहिले, पाठीवरून बोटं दाबत नेली, असं क्वचित दिसतं. ही पारख शिकवली, तर जत्रेतले मालक ती सगळ्यांत आधी उचलतील, कारण जनावर वाचण्याची नजर त्यांच्याकडे आहेच.

आणि तट्टूही आपलंच आहे. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडीचं तट्टू मराठ्यांच्या फौजांबरोबर उत्तरेपर्यंत गेलं. २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या गीतात त्याचा उल्लेख आहे. इतकं असूनही सरकारी नोंदीत ते स्वतंत्र जात म्हणून नव्हतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२४ च्या सुमारास त्याची नोंद केली, तेव्हा कुठे मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी यांच्या पंगतीत भीमथडी बसलं. ते आजवर टिकवलं ते धनगर मेंढपाळांनी. मेंढरांमागे वर्षातले कित्येक महिने चालताना बिऱ्हाड, भांडीकुंडी, नुकतीच जन्मलेली कोकरं या तट्टांच्या पाठीवर असतात. कमी चाऱ्यावर, दगडधोंड्यांतून, उन्हात चालणारं हे जनावर आहे. दुष्काळी मराठवाड्यासाठी याहून योग्य घोडा शोधायला बाहेर जाण्याची गरज नाही.

इथे एक नियम उपयोगी पडतो. एफईआय ही या खेळाची जागतिक संघटना. तिच्या मोजणीत नालाशिवाय १४८ सेंटिमीटरपर्यंतचं जनावर पोनी ठरतं, आणि १२ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी पोनींच्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय स्पर्धा असतात. भीमथडी या मर्यादेच्या बरंच खाली राहतं. युरोपातली मुलं अशाच लहान पोनींवर शिकून मोठ्या घोड्यांवर जातात. आपण मात्र दहा वर्षांच्या मुलाला उंचच उंच थरोब्रेडवर बसवतो. त्यातले बरेच घोडे मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले. ते गुणी असतात, पण त्यांनी लहानपणापासून एकच शिकलेलं असतं: लगाम ताणला की आणखी पळायचं. ते विसरवून, दोन्ही अंगांनी सारखं वळायला आणि सावकाश चालायला शिकवायला जाणत्या हाताला महिनेच्या महिने लागतात. ती मेहनत न करता त्यांना उड्यांच्या रिंगणात उतरवलं, तर घोडाही बिघडतो आणि मुलाच्या मनात कायमची भीती बसते.

तट्टाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. घोड्याच्या पाठीवरचा भार, खोगीर धरून, त्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नसावा, असा जगभरचा संकेत आहे. सव्वादोनशे किलोचं तट्टू असेल, तर हा भार ४५ किलोच्या आत आला. म्हणजे हे वाहन शाळकरी मुलांचं, मोठ्यांचं नव्हे. त्याची झेपही लहान, ३.६ मीटरची नाही. मोठ्या घोड्यांसाठी मांडलेल्या रिंगणात तट्टू आणलं, तर पाच झेपांच्या जागी त्याला सहा लागतील, मोजणी चुकेल आणि लोक पुन्हा म्हणतील, अडेलतट्टू. म्हणून रिंगण त्याच्या मापाने मांडायला हवं.

भारतात हा खेळ दीर्घकाळ लष्कराच्या आधाराने जगला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत अश्वारोहणात तीन सुवर्णपदकं आली, ती लष्करी स्वारांची. त्यानंतर सुवर्णासाठी ४१ वर्षं वाट पाहावी लागली. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊला ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या, सांघिक प्रकारात अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हाजेला यांनी ते आणलं. हृदय मुंबईचा, सुदीप्ती इंदूरची. त्याच स्पर्धेत इव्हेंटिंगच्या, म्हणजे ड्रेसाज, मैदानी दौड आणि उड्या अशा तिहेरी परीक्षेच्या, संघात आशिष लिमये आणि अपूर्व दाभाडे ही नावं होती. मुंबईत महालक्ष्मीला ॲमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे. टोकियोत फवाद मिर्झा इव्हेंटिंगच्या अंतिम फेरीपर्यंत गेला आणि २३ वा आला. गुणवत्ता आहे. पण सुवर्ण जिंकणारे चौघेही वर्षानुवर्षं युरोपात राहून शिकले होते, घोडेही तिथलेच. घोड्यांच्या रोगांमुळे भारतातून घोडा परदेशी स्पर्धेला नेणं जवळजवळ अशक्य होतं. मेरठला लष्कराच्या केंद्रात रोगमुक्त विभाग उभा राहिला आणि २०२५ मध्ये त्याला जागतिक मान्यता मिळाली, तेव्हा कुठे हे दार किलकिलं झालं. म्हणजे इथे वाढलेला घोडा आणि इथे शिकलेलं मूल एकत्र बाहेर जाण्याची शक्यता आता खरी आहे.

संभाजीनगरला याचा संबंध काय, असं कोणी विचारेल. या शहरात १९७७ पासून राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. तिथली मुलं खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जातात. तिथे घोडेस्वारी प्रशिक्षणाचा भाग आहे. मराठवाड्याच्या खेड्यातून आलेला, पणजोबा शिलेदार असल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेला मुलगा घोड्यावर पहिल्यांदा बसतो तो तिथे, अठराव्या वर्षी. हे अठराव्या वर्षी का, दहाव्या वर्षी का नाही?

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. पहिला पाण्याचा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात घोडे पाळायचे? मोठ्या घोड्याला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तट्टाला याच्या निम्म्यात भागतं. दहा तट्टांचं पाणी एका लहानशा शेततळ्यात मावतं. दुसरा आक्षेप पैशाचा. हा श्रीमंतांचा खेळ आहे, कारण आपण तो उंच घोड्यांपासून आणि आयात खोगिरांपासून सुरू केला. तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर: घोड्याला उड्या मारायला लावणं हा छळ नाही का? जुलै २०२४ मध्ये ऑलिंपिक सुवर्णविजेत्या शार्लट दुजार्डांचा घोड्याला वारंवार चाबूक मारतानाचा व्हिडिओ बाहेर आला, त्यांनी पॅरिसमधून माघार घेतली आणि पुढे एक वर्षाची बंदी आली. ज्या खेळाच्या शिखरावर असं घडतं, त्याने हा आक्षेप मनावर घ्यायलाच हवा. उत्तर एकच: घोड्याला काय होतंय, हे गुणांच्या पत्रिकेत मोजलं गेलं पाहिजे. म्हणून हंटरची पद्धत हवी. ओढाताण केलेली दिसली की गुण वजा, तोंडातून रक्त दिसलं की बाद, लंगडतोय असं वाटलं की रिंगणाबाहेर. मग चाबूक वापरून जिंकता येतच नाही.

वैद्यकीय बाजू मराठवाड्यात भक्कम आहे, तिचा उपयोग होत नाही एवढंच. परभणी आणि उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घोड्यांना होणारा ग्लँडर्स हा रोग माणसालाही होऊ शकतो आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो. म्हणून वरातीच्या, जत्रेच्या आणि शर्यतीच्या घोड्यांची नियमित रक्ततपासणी तशीही गरजेची आहे. ती तपासणी, दातांची पाहणी आणि नालबंदांचं प्रशिक्षण या महाविद्यालयांनी हाती घेतलं, तर उद्या उभ्या राहणाऱ्या खेळाचा पाया आजच पडेल. काळ्या मातीवर उड्या नकोत, हेही ध्यानात ठेवावं. ती पावसात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात दगडासारखी होते. खाली मुरूम दाबून वर वाळूचा थर, एवढी तयारी पुरते. सराव पहाटे, आणि एप्रिल-मेमध्ये उड्या पूर्ण बंद.

मागणी मोठी नाही. येत्या हिवाळ्यात शहरात एक दिवसाची स्पर्धा घ्यावी. जिल्हा क्रीडा कार्यालय, पशुवैद्यक, धनगर तट्टूमालक आणि शाळा यांनी मिळून. आठ अडथळे, उंची ४० सेंटिमीटर. दांडे लाकडाचे आणि टेकूंवर अलगद ठेवलेले, खूर लागला तर सहज पडतील असे; बांधलेला बांबू कुठेही नको. घड्याळ नाही. तीन परीक्षकांनी घोड्याची लय, पाठ आणि मुलाचा हात पाहून गुण द्यावेत. फेरीच्या आधी आणि नंतर पशुवैद्याने प्रत्येक तट्टाचे पाय पाहावेत. आणि जे तट्टू अडेल, त्याला बाहेर काढण्याआधी परीक्षकांनी मुलाला जवळ बोलावून एकच प्रश्न विचारावा: ते का अडलं असेल? उत्तर बरोबर आलं, तर त्यालाही गुण द्यावेत. ज्यांच्याकडे जागा आहे, त्यांनी पुढे यावं. रिंगणाला साठ मीटर बाय चाळीस मीटर सपाट जमीन पुरते.